चौदा वर्षांची व्हायोलिनवादक आणि स्पर्धेची यादी: एक प्रकरण अभ्यास

माझ्यापुढे आलेली यादी अशी होती. पहिल्या फेरीसाठी बाखच्या जी मायनर सोनाटातले (सोनाटा म्हणजे अनेक भागांची रचना) अडाजिओ हा संथ भाग आणि फुगा, म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत गुंफत नेणारा भाग, सोबत पॅगानिनीचा २४ वा कॅप्रिस, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीची कसरतीची छोटी रचना. दुसऱ्या फेरीसाठी बेथोव्हनच्या एका सोनाटाची पहिली मूव्हमेंट (भाग) आणि राव्हेलचं ‘त्झिगान’. अंतिम फेरीसाठी चायकोव्स्कीचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह एकट्या वादकाची मोठी रचना. वाजवणारी मुलगी नुकतीच चौदा पूर्ण झालेली, आणि स्पर्धेला दहा महिने. यादीतली एकही रचना तिच्या आवाक्याबाहेरची नव्हती. म्हणूनच या यादीवर बोलणं अवघड होतं. एखादी गोष्ट जमणारच नसेल तर नाही म्हणायला काही लागत नाही. इथे प्रत्येक रचना सुटी सुटी जमण्यासारखी होती. त्या सगळ्या एकाच आठवड्यात, अनोळखी सभागृहात, सकाळी नऊ वाजता नंबर लागला तरी जमतील का, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

तिला नियमित शिकवणारे सर वेगळे आहेत. त्यांनी मला बोलावलं ते दुसरा कान म्हणून. अशा वेळी बाहेरच्या माणसाने शिकवण्यात लुडबूड करायची नसते. ऐकायचं, विचारायचं आणि निवडीपुरतं बोलायचं, एवढंच ठरलं होतं.

आधी नियमपत्रक

रचनांवर एक शब्दही बोलण्याआधी आम्ही नियमपत्रक चौघांनी मिळून वाचलं: मुलगी, तिची आई, सर आणि मी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मे निर्णय तिथेच होतात. पहिल्या फेरीला पंधरा मिनिटांची मर्यादा होती आणि त्यात दोन रचनांमधलं ट्यूनिंगही धरलेलं होतं. बाखच्या एकाच सोनाटातल्या किंवा पार्टिटातल्या (नृत्यांच्या चालींवरच्या भागांची रचना), एकमेकींपासून वेगळ्या स्वभावाच्या दोन मूव्हमेंट हव्या होत्या. दुसऱ्या फेरीत पियानोची साथ आयोजकांचा वादक करणार होता आणि त्याच्याबरोबर एकच तालीम मिळणार होती. अंतिम फेरीत संपूर्ण कॉन्चेर्टो वाद्यवृंदासह, आणि तोही एका तालमीवर. पियानोसोबतचा सोनाटा सोडून सगळं पाठ. अर्ज स्पर्धेच्या तीन महिने आधी, आणि त्यानंतर यादीत बदल नाही.

आता मूळ यादीचा हिशेब मांडा. अडाजिओला साधारण चार मिनिटं, फुगाला पाच-साडेपाच, २४ व्या कॅप्रिसला साडेचार ते पाच. बेरीज चौदाच्या आसपास जाते. मध्ये तार उतरली, ती लावायला अर्धा मिनिट गेला, की परीक्षक घंटी वाजवून थांबवू शकतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात वाजवताना घड्याळ चालू असेल तर तिचा फुगा कसा होईल हे सांगायला नको. पहिल्या फेरीची यादी मर्यादेपेक्षा दोन-तीन मिनिटांनी आखूड असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी वाजवल्याबद्दल कोणी गुण कापत नाही.

नियमपत्रकात आणखी एक गोष्ट पाहायची असते: रचनेच्या अवघडपणाला वेगळे गुण आहेत का. या स्पर्धेत नव्हते. सूर, लय, नाद, शैली आणि एकूण सादरीकरण यांवर गुण होते. आईंनी हे दोनदा वाचलं. “पण मोठं काही वाजवलं की परीक्षकांवर छाप पडतेच ना?” त्यांनी विचारलं. त्यांची शंका प्रामाणिक होती आणि पुष्कळ पालकांची असते. परीक्षकांच्या टेबलावर बसणारी माणसं बहुतेक स्वतः वाजवणारी किंवा शिकवणारी असतात. चायकोव्स्की त्यांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो आणि मनातल्या मनात ते तो जगातल्या उत्तमातल्या उत्तम वादनाशी ताडून पाहतात. रचना जितकी मोठी, तितकी ही तुलना कठोर होते.

घरातल्या कोणीतरी एक दाखलाही दिला होता. १९३५ साली वॉर्सामध्ये झालेल्या पहिल्या व्हीनियाव्हस्की स्पर्धेत पंधरा वर्षांची जिनेत नेव्हू पहिली आली आणि सव्वीस वर्षांचा दाविद ऑइस्त्राख दुसरा. मग वयाची अडचण कसली? दाखला खरा आहे, आणि तो मला मान्यच होता. वय काही ठरवत नाही. ठरवतो तो समोरचा हात, समोरचा कान आणि हातात असलेला वेळ. म्हणून वय बाजूला ठेवून आम्ही तेच तपासायला घेतलं.

वाजवणारी कशी आहे

पहिल्या भेटीत मी तिला यादीतलं काहीच वाजवायला सांगितलं नाही. तिला येतं त्यातलं, तिला आवडतं ते वाजव म्हटलं. तिने व्हीनियाव्हस्कीचं ‘शेर्झो-तारांतेल’ वाजवलं आणि खोलीतली हवा बदलली. गज तारेवरून उडतो ते सगळे प्रकार, म्हणजे स्पिकातो, सोतिये, रिकोशे, तिच्या हातात जन्मतःच असावेत असे स्वच्छ होते. लय पक्की होती. जी तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, तिचा नाद तिच्या वयाच्या मानाने भरदार होता.

मग कच्च्या बाजू पाहिल्या. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर ती वर्षभराच्या आतच आली होती. हात लहान, करंगळी आखूड. टेन्थ, म्हणजे दहा सुरांचं अंतर दोन बोटांत एकदम धरताना, डाव्या अंगठ्याचं मूळ आखडत होतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण इथे प्रश्न गुणांचा नसतो, शरीराचा असतो. वाढत्या वयातल्या हाताला रोज तासभर ताण देऊन टेन्थ ‘काढून घेणं’ मला कोणत्याही बक्षिसासाठी मान्य नाही. दुसरं म्हणजे लांब, संथ ओळीत गजाच्या शेवटी तिचा सूर खाली बसायचा. आणि तिसरं, जिथे तीन-चार आवाज एकमेकांत गुंफलेले असतात तिथे तिचं पाठांतर बोटांच्या सवयीवर चालायचं. मध्येच थांबवून “आता खालचा आवाज कुठे आहे?” असं विचारलं की ती गोंधळायची.

यावरून आम्ही एक साधी मोजपट्टी ठरवली. रचना तिच्या सर्वोत्तम दिवशी कशी होते हे बघायचं नाही, वाईट दिवशी किती उरते हे बघायचं. झोप झालेली नाही, हात थंड आहेत, सभागृहात आवाज घुमत नाही, तरी जी रचना तिची तिला ओळखू येईल ती यादीत. आणि प्रत्येक फेरीत तिची एकच कच्ची बाजू उघडी पडावी, दोन एकदम नाहीत. कच्ची बाजू पूर्ण लपवणं ना शक्य असतं ना योग्य. परीक्षकांना ती दिसतेच, आणि ती लपवण्यासाठी केलेली यादीही दिसते.

बाख आणि पॅगानिनी

बाखने एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचना, तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा, १७२० सालच्या स्वहस्ते केलेल्या प्रतीत लिहून ठेवल्या. त्यांतल्या तीन फुगांपैकी जी मायनरचा सगळ्यात लहान, ९४ बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन). ए मायनरचा २८९ आणि सी मेजरचा ३५४ बारचा आहे. त्यामुळे ‘लहान फुगा घेऊ’ असा विचार पुष्कळदा होतो. पण लांबी हा फुगाचा अवघडपणा नव्हेच. मुलीच्या पाठांतराची तऱ्हा पाहता फुगा म्हणजे तिच्या सगळ्यात कच्च्या जागी पाय ठेवणं होतं. फुगामध्ये एकदा वाट चुकली की परत येणं फार कठीण असतं, कारण विषय पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी वेगळ्या दाराने बाहेर पडतो. स्पर्धेच्या व्यासपीठावर पाठांतर तुटलेलं मी पाहिलं आहे, ते बहुतेक वेळा अशाच विषय परत येणाऱ्या जागी.

फुगा काढला आणि त्याच सोनाटातलं शेवटचं प्रेस्टो, म्हणजे अतिशय वेगाचा भाग, घेतलं. ते तिला आधीपासून येत होतं. सलग सोळांशांची (फार छोट्या, वेगवान सुरांची) धावणारी एकच ओळ, ३/८ च्या मापात, पण कान दिला तर तिच्यात कधी दोनाचे तर कधी तीनाचे गट सापडतात. तिची लय इथे नुसती पक्की न राहता विचार करताना ऐकू येईल, असं मला वाटलं. अडाजिओ मात्र ठेवलं, लांब सुराची कच्ची बाजू त्यात उघडी पडणार हे माहीत असूनही. त्याचं एक कारण फार व्यावहारिक आहे. अडाजिओची पहिली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चार तारांवर आहे आणि तिच्यातल्या खालच्या दोन तारा मोकळ्या वाजतात. वाद्य सुरात असेल तर ही कॉर्ड घाबरलेल्या हातातूनही दणदणीत घुमते. आपलाच नाद सभागृहात घुमलेला ऐकला की वाजवणाऱ्याचा श्वास खाली येतो. स्पर्धेचा पहिला आवाज कोणता असावा याचा विचार फार कमी शिक्षक करतात. तो जरूर करावा.

अडाजिओबद्दल एक बारीक गोष्ट इथेच सांगते. बाखने ही रचना जी मायनरची असूनही सुरुवातीला एकच फ्लॅट (कोमल सुराची खूण) लिहिला आहे, दोन नाहीत. त्यामुळे तिसऱ्या बारमधल्या एका ‘ई’वरून आजही मतभेद आहेत: तो ई नॅचरल, म्हणजे शुद्ध, की ई फ्लॅट, म्हणजे कोमल? वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळं छापतात. परीक्षकांपैकी कोणीतरी एका बाजूचा असणारच. आम्ही तिला दोन्ही वाजवून ऐकायला लावलं आणि तिलाच निवडायला सांगितलं. तिने ई फ्लॅट निवडला आणि का ते सांगितलं. तेवढं पुरेसं होतं. ज्याला कारण देता येतं तो सूर डगमगत नाही.

आता कॅप्रिस. पॅगानिनीचे चोवीस कॅप्रिस ओपस १ (ओपस म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक) म्हणून १८२० साली छापले गेले. त्यांतला शेवटचा सगळ्यात प्रसिद्ध. एक छोटी धून, तिची अकरा रूपं आणि शेवट. प्रत्येक रूप वेगळ्या तंत्राची परीक्षा घेतं: तिसऱ्यात ऑक्टेव्ह (आठ सुरांचं अंतर), सहाव्यात थर्ड (तीन सुरांचं) आणि टेन्थ, नवव्यात डाव्या हाताचं पिझिकातो (तार बोटाने छेडणं). या रचनेत लपायला जागा नाही. अकरापैकी दहा रूपं उत्तम झाली आणि सहावं घसरलं, तर लक्षात राहतं सहावंच. तिच्या आखूड करंगळीला आणि आखडणाऱ्या अंगठ्याला ते सहावं रूप महिनोन्महिने रोज छळणार होतं. २४ वा बाजूला ठेवायला माझ्या दृष्टीने एवढं पुरे होतं.

सरांचं म्हणणं, मग १६ वा घेऊ, तो तिला येतो. येत होताच, आणि छान येत होता. पण १६ वा कॅप्रिसही जी मायनरमध्ये, आणि तोही सलग सोळांशांचा प्रेस्टो. बाखच्या प्रेस्टोच्या पाठोपाठ तो वाजला तर परीक्षकांना एकाच रंगाची दोन चित्रं शेजारी टांगल्यासारखी दिसली असती. सुट्या रचना निवडताना ही चूक सहज होते, कारण आपण प्रत्येकीला एकटीला तपासतो. म्हणून आम्ही पहिल्या फेरीच्या सगळ्या रचना कागदावर ओळीने लिहिल्या आणि प्रत्येकीखाली पट्टी, गती, पोत आणि कोणता हात किती दमतो हे लिहिलं. यादीचा आकार तेव्हा डोळ्यांना दिसतो.

दोन पर्याय उरले: ९ वा आणि २० वा. विसाव्यात मोकळ्या डी तारेचा सूर धरून वर धून चालते, मधला भाग बी मायनरचा आणि चपळ. नववा ई मेजरमधला, शिकारीच्या शिंगांचा. वरच्या दोन तारांवर बासरीची आणि खालच्या दोन तारांवर शिंगांची नक्कल करा, असं पॅगानिनीने स्वतः लिहून ठेवलं आहे. डबल स्टॉप (दोन तारा एकत्र वाजवणं) भरपूर, पण लहान हाताला झेपणारे. मधल्या भागात रिकोशे, म्हणजे तिचं माहेरच. आम्ही दोन्ही बसवायला घेतले आणि निर्णय अर्जाच्या तारखेपर्यंत राखून ठेवला. विसाव्यात अडाजिओसारखीच लांब ओळ पुन्हा येत होती, म्हणजे तीच कच्ची बाजू एका फेरीत दोनदा. शेवटी नववा ठरला. अडाजिओ, प्रेस्टो आणि नववा मिळून साधारण अकरा-बारा मिनिटं होतात. घंटीची भीती गेली.

दुसरी फेरी

सोनाटाचा निर्णय लवकर झाला. बेथोव्हनचा जी मेजर, ओपस ३० मधला तिसरा. पहिल्या मूव्हमेंटची सुरुवातच व्हायोलिन आणि पियानो एकत्र, एकाच घुमणाऱ्या ओळीत करतात. अनोळखी पियानोवादकाशी एका तालमीत जुळायचं तर लयीची मुलगी आणि लयीची रचना, याहून चांगलं काय?

‘त्झिगान’वर मात्र बराच वेळ गेला. रचना १९२४ ची, आणि मला स्वतःला अतिशय प्रिय. सुरुवातीला पियानो गप्प असतो आणि व्हायोलिन एकटं बोलत राहतं, तेही आधी जी तारेवर. तिचा जी तारेचा नाद पाहता आई म्हणाल्या, “हे तर तिच्यासाठीच लिहिलंय.” नादाच्या दृष्टीने हो. पण त्या एकट्या भागात काळाशी खेळावं लागतं. कुठे थांबायचं, किती थांबायचं, कुठे घाई करायची हे कागदावर पूर्ण लिहिता येत नाही, आणि अजून तरी ती ते सरांच्या श्वासाकडे बघून करत होती. दुसरी अडचण साथीची. ‘त्झिगान’चा पियानोचा भाग अवघड आहे आणि त्यातले गतीचे बदल सांभाळायला दोघांची सवय लागते. एका तालमीत ते होईल का? कदाचित. ‘कदाचित’वर दुसरी फेरी उभी करायची नव्हती.

त्याऐवजी सॅं-सॉंचं ‘इन्ट्रोडक्शन आणि रोंडो काप्रिचिओसो’ सुचवलं. १८६३ सालची ही रचना व्हायोलिनवादक सारासातेसाठी लिहिलेली, आणि व्हायोलिन-पियानोची आवृत्ती खुद्द संगीतकार बिझेने केलेली. स्पर्धांमध्ये साथ करणाऱ्या जवळपास प्रत्येक पियानोवादकाच्या बोटांखाली ती असते. सुरुवातीची संथ उदास ओळ छोटी आहे, म्हणजे कच्ची बाजू उघडी पडते पण लांबत नाही. पुढचा रोंडो, म्हणजे एक धून पुन्हा पुन्हा येणारा भाग, तिच्या उड्या मारणाऱ्या गजासाठी, आणि शेवटची धाव टाळ्या घेणारी. ‘सगळेच हे वाजवतात’ हा आक्षेप आला. खरा आहे. पण सगळे वाजवतात ती रचना ताजी वाजली की परीक्षक मान वर करतात, कारण त्यांना फरक लगेच कळतो.

कॉन्चेर्टो

खरी रस्सीखेच इथेच झाली. चायकोव्स्कीचा कॉन्चेर्टो १८७८ चा, डी मेजर, साधारण पस्तीस मिनिटांचा. निम्मा वेळ एकट्या पहिल्या मूव्हमेंटचा, आणि तिच्या मध्यावर चायकोव्स्कीने स्वतः लिहिलेला कडेंझा, म्हणजे वाद्यवृंदाशिवाय एकट्या वादकाचा भाग. मुलगी लहानपणापासून तो ऐकत आली होती. तो तिला हवाच होता, आणि तिची ती ओढ मला तोडायची नव्हती.

म्हणून मी एक चाचणी मागितली. परवानगी असलेल्या यादीतले तीन कॉन्चेर्टो घ्यायचे, चायकोव्स्की, मेंडेल्सन आणि व्हीनियाव्हस्कीचा दुसरा, आणि तिन्हींच्या पहिल्या मूव्हमेंट वाद्याशिवाय गाऊन दाखवायच्या. शब्द नकोत, सूरही अगदी अचूक नको. फक्त ओळ कुठे जाते, कुठे श्वास घेते, कुठे रागावते हे ऐकू यायला हवं. चायकोव्स्कीची धून तिने सुंदर गायली. पण विकासाच्या भागात, म्हणजे धुनी मोडून-जोडून पुढे नेल्या जातात तिथे, पोचल्यावर ती गाणं सोडून बोटांनी हवेत वाजवायला लागली. तिथे संगीत अजून तिच्या आत उतरलं नव्हतं, बोटांत होतं. व्हीनियाव्हस्की तिने शेवटपर्यंत गायला, मधल्या वाद्यवृंदाच्या जागांसकट, आणि दुसरी धून गाताना डोळे मिटले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालायला काही उरलं नव्हतं.

मेंडेल्सनबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण वरवर पाहता तोच सुरक्षित पर्याय होता. तिला तो पूर्ण येत होता. शेवटची मूव्हमेंट तिच्या गजासाठी आदर्श. पण तो ती तीन-चतुर्थांश आकाराच्या व्हायोलिनवर शिकली होती. लहान वाद्यावर बसलेल्या रचनेत बोटांना जुनी अंतरं लक्षात असतात. मोठ्या वाद्यावर सरावाने ती बदलतात, पण ताण आला की हात जुन्या अंतरांकडे परत जाऊ पाहतो. मेंडेल्सनमध्ये व्हायोलिन दुसऱ्याच बारमध्ये ई तारेवर उंच सुरात प्रवेश करतं आणि त्यानंतर उसंत देत नाही. तिन्ही मूव्हमेंट न थांबता जोडलेल्या आहेत. बेसूर झालेला शिफ्ट (तारेवर हात सरकवणं) तिथे झाकायला जागा नाही. जे पाठ आहे ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. वाद्याचा आकार मध्ये बदलला असेल तर ते धरू नये.

व्हीनियाव्हस्कीचा दुसरा कॉन्चेर्टो, डी मायनर, ओपस २२, १८६२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने स्वतः पहिल्यांदा वाजवला. वाद्यवृंदाचं संचालन आन्तोन रुबिन्स्टाइनचं होतं, आणि अर्पण सारासातेला. लांबी बावीस-तेवीस मिनिटांची. चायकोव्स्कीपेक्षा ती बारा-तेरा मिनिटांनी कमी आहे, आणि चौदा वर्षांच्या खांद्याला अंतिम फेरीत हा फरक मोठा असतो. ऑक्टेव्ह आहेत आणि ते कष्टाचेही आहेत, पण हाताला ताणून तोडणारे नाहीत. पहिली मूव्हमेंट रीतसर संपत नाही. वाद्यवृंद ती क्लॅरिनेटमधून रोमान्सकडे, म्हणजे संथ दुसऱ्या मूव्हमेंटकडे, नेतो. तेवढ्या वेळात खांदे सैल करता येतात. रोमान्समध्ये तिची कच्ची बाजू पुन्हा समोर येते आणि आम्हाला ती तिथे हवीच होती, कारण दहा महिने काम कशावर करायचं हे त्यामुळे ठरलं. शेवटची मूव्हमेंट जिप्सी ढंगाची, उसळती. तिथे तिला कोणी अडवू शकत नव्हतं.

एक अडचण उरली. सुरुवातीला वाद्यवृंद एकटा बराच वेळ वाजतो. वाजवणाऱ्याने तेवढा वेळ उभं राहायचं, हात थंड होतात आणि मन भटकतं. यासाठी तिने घरी प्रत्येक सरावाआधी वाद्यवृंदाचा तो भाग ध्वनिमुद्रणावरून पूर्ण ऐकायचा, उभं राहून, व्हायोलिन हाताखाली धरून, आणि मग थेट सुरुवात करायची. वाद्यही ४४२ हर्ट्झच्या ‘ए’ सुरावर लावून सराव केला, कारण अनेक वाद्यवृंद ४४० पेक्षा जरा वर लावतात.

सरांना व्ह्यूताँचा पाचवा कॉन्चेर्टोही मनापासून आवडायचा. ती रचना मुळात ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीतल्या स्पर्धेसाठीच लिहिलेली. पण या स्पर्धेच्या यादीत तो नव्हता, त्यामुळे प्रश्न मिटला.

अर्ज ते स्पर्धा

अर्ज भरण्याआधी प्रत्येक रचनेने तीन परीक्षा दिल्या. सकाळी उठल्यावर, हात न तापवता, सगळ्यात अवघड पान एकदा. मध्येच कुठूनही, आम्ही सांगू त्या पाच जागांपासून सुरुवात. आणि पंधरा दिवस रचना पूर्ण बाजूला ठेवून मग एका दमात वाजवून ध्वनिमुद्रण. शेवटची परीक्षा सगळ्यात खरं बोलते. विश्रांतीनंतर जे सुधारून परत येतं ते मुरलेलं असतं. जे विस्कटून परत येतं ते रोजच्या ठोकपिटीवर उभं असतं. सॅं-सॉंच्या कोडाने, म्हणजे शेवटच्या भागाने, इथे थोडी निराशा केली, तेव्हा गती एक पायरी खाली आणली आणि तीच स्पर्धेची गती ठरवली. वेग शेवटच्या आठवड्यात वाढवायचा नाही, हे मुलीने वहीत लिहून ठेवलं.

अर्ज गेल्यावर माझं काम जवळपास संपलं. सरांनी पुढे छोट्या श्रोतृवर्गापुढे फेरीनिहाय, त्याच क्रमाने, त्याच कपड्यांत सराव करवून घेतला. अंगठ्याचा आखडलेपणा टेन्थ थांबवल्यावर काही आठवड्यांत निवळला.

ती तिन्ही फेऱ्यांत वाजवू शकली आणि तिसरी आली. पहिल्या फेरीत नवव्या कॅप्रिसच्या शिंगांवर एक परीक्षक हसल्या, हे तिने मला आधी सांगितलं, निकाल नंतर. अंतिम फेरीच्या तालमीत संचालकांनी रोमान्स तिच्या सवयीपेक्षा बराच पुढे नेला. तिने थांबवून, नम्रपणे, आपली गती म्हणून दाखवली आणि त्यांनी ती घेतली. जी ओळ वाद्याशिवाय गाता येते ती अशी सांगताही येते.

चायकोव्स्कीची पहिली मूव्हमेंट आता सुरू झाली आहे, कोणत्याही तारखेशिवाय. परीक्षकांच्या शेऱ्यांमध्ये तिघांनी अडाजिओबद्दल एकच लिहिलं होतं: लांब सुरांची टोकं खाली बसतात. म्हणून तिला आता बाखच्या ए मायनर सोनाटातलं आंदान्ते दिलं आहे. त्यात खाली आठव्यांशांचा ठोका सतत चालू राहतो आणि वर धून धरून ठेवायची असते, एकाच गजात दोन्ही. टोक खाली बसलं तर ठोकाही तुटतो आणि चूक तिची तिलाच ऐकू येते. रोज दोन ओळी, संथ, मेट्रोनोमशिवाय.